अमेरिकावाला पोचला का?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत नावारूपाला आलेल्या एका कवीचं चरित्र जगाच्या पाठीवर सर्वांत जास्त लोकांना तोंडपाठ कुठे असेल, तर ते अमेरिकेत नव्हे, आमच्या वसईजवळच्या भुईगावात. हे मी पैजेवर सांगतो. तिकडच्या विद्यापीठांत त्याच्यावर प्रबंध बिबंध लिहिले गेले असतील, पण त्याची दुसरी बायको नेमकी कोणत्या कारणावरून माहेरी गेली, जाताना तिने कोणती भांडी नेली आणि कोणती ठेवली, हे भाजीवाल्यापासून भजनी मंडळाच्या पेटीवाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत असलेलं गाव दुसरं सापडायचं नाही. याला एकच माणूस जबाबदार आहे, आणि तो माणूस म्हणजे माझे चुलतसासरे. गाव त्यांना मास्तर म्हणतं, मी काका म्हणतो. वसईच्या एका हायस्कुलात त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं आणि उरलेल्या वेळात घरामागची केळीची वाडी सांभाळली. पण शाळा आणि वाडी हे दोन्ही जोडधंदे. खरा धंदा त्या कवीचा.

मी मूळचा साताऱ्याकडचा. विम्याच्या कचेरीतल्या नोकरीने वसईला येऊन पडलो आणि भुईगावची मुलगी सांगून आली म्हणून आईवडिलांना घेऊन बघायला गेलो. पोहे झाले, मुलीला काय काय येतं ते झालं, आणि कोपऱ्यात गप्प बसलेल्या एका उंच, काटकुळ्या गृहस्थांनी एकदम मला विचारलं, "तुम्ही पिता का?" मी नाही म्हणालो. "छान. नकाच पिऊ. आमच्याकडे एकाचं दुसरं लग्न दारूपायी मोडलं. तिसरंही टिकतं की नाही सांगता येत नाही." मुलीच्या वडिलांनी कपाळाला हात लावला, तो आम्हांला शरमेने लावल्यासारखा वाटला. परतीच्या रिक्षात आई म्हणाली, "घर चांगलंय, पण त्यांच्यात तीन-तीन लग्नं करतात म्हणे." माझं लग्न त्या दिवशी मोडल्यातच जमा होतं. पुढे मध्यस्थाने साताऱ्याला येऊन खुलासा केला की ती तीन लग्नं घरातल्या कोणाची नसून अमेरिकेतल्या एका कवीची आहेत. तेव्हा वडील सुटकेचा श्वास टाकून म्हणाले, "मग त्यांना त्याचं काय?" या प्रश्नाचं उत्तर मला सापडायला बरीच वर्षं गेली.

काकांना तो कवी सापडला दादरच्या फूलबाजाराबाहेर. तरुणपणी ते पहाटे वाडीतला सोनचाफा घेऊन दादरला जात, फुलं देऊन परत येत आणि शाळेची घंटा गाठत. एका सकाळी फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात सुतळीने एकत्र बांधलेली दोन पुस्तकं दिसली. एक बारीक, कवितांचं. दुसरं उशीएवढं जाड, त्याच कवीचं चरित्र. जाड पुस्तकावर फोटो होता: गुडघ्यापर्यंत चिखल, हातगाडीत बटाटे आणि मागे एक मोडका गोठा. "तोपर्यंत माझी समजूत होती की लेखक म्हणजे खुर्चीत बसून हनुवटीला हात लावलेला माणूस," काका सांगतात. "हा आपल्यासारखा चिखलात उभा. म्हटलं, हा आपल्यातला." झालं. तो जो त्या सकाळी आमच्या सासरच्या घरात शिरला, तो आजतागायत मुक्कामाला आहे.

वाचण्याची काकांची रीत अशी की रोज सकाळी वाडीत मोटार चालू करायची, पाटाने पाणी केळींत शिरलं की दगडावर बसायचं आणि त्या चरित्राचं एक पान वाचायचं. एकच. दुसरं पान उलटायचा मोह झाला तर पुस्तक मिटून टोपीखाली ठेवायचं. "पाणी आणि वाचन दोन्ही मुरलं पाहिजे, जावईबापू. भसाभसा सोडलं की नुसता चिखल." आणि सकाळी मुरलेलं ते पान संध्याकाळी ओटीवर सांगायचं. सांगायचं तेही कसं, तर वर्तमानकाळात. "तो युद्धातून परत येतो," "तो कॉलेजात नोकरी धरतो," "बायको त्याला म्हणते." पहिल्यांदा ऐकायला आलेल्या माणसाला वाटावं की काल रात्रीच अमेरिकेहून फोन आला होता. कवितासुद्धा ते इंग्रजीत वाचत नसत. इंग्रजी ओळ मनात म्हणायची आणि तोंडातून आपल्या घरच्या बोलीत बाहेर काढायची. त्यामुळे गोठ्यावरची, आटलेल्या विहिरीवरची, कोंबड्यांवरची अशा त्याच्या कविता गावातल्या बायकांनी ऐकल्या त्या सगळ्या भुईगावच्याच होऊन. गोठ्याच्या कवितेत तर एक म्हातारी मध्येच म्हणाली होती, "हा आमच्या आत्याचाच गोठा."

युद्धात त्या कवीचं काम विमानतळावर हवामान टिपायचं होतं. बंदूक त्याने हातात धरली नाही. आकाशाकडे बघून आज ढग किती, वारा कुठला, एवढं लिहायचं. पुढे त्याची प्रत्येक कविता हवेपासून सुरू व्हायला लागली. हे वाचल्या दिवसापासून काकांनीही सकाळी अंगणात उभं राहून हवा जाहीर करायला सुरुवात केली. "आज समुद्रावरून वारा आहे, ढग पातळ, दुपारी उकडेल." हे रोज, कोणी विचारो न विचारो, खणखणीत शिक्षकी आवाजात. सुरुवातीला शेजारी हसले. मग सुकेळ्यांसाठी केळी वाळत घालणाऱ्या बायका त्यावर भरवसा ठेवू लागल्या, आणि एकदा काका तापाने निजून होते तर कोणी केळी उन्हात काढायलाच तयार होईना. कवीच्या मायेपोटी त्यांनी भुईगावच्या वाळूत बटाटेही लावून पाहिले. आले ते गोट्यांएवढे. त्यांची भाजी काकांनी घरच्या सगळ्यांना सक्तीने खायला लावली आणि स्वतः दोन वेळा मागून घेतली. रविवारी सकाळी ते साखर न घालता काळी कॉफी पीत, कारण कवी पितो. प्रत्येक घोटाला त्यांचा चेहरा कडू काढा प्यायल्यासारखा व्हायचा, पण कप रिकामा करून, "जमतं हळूहळू," असं म्हणायचे. हळूहळू या शब्दाला काकांच्या कोशात काळाची मर्यादा नाही.

शाळेत तो कवी अभ्यासक्रमाला नव्हता. पण अभ्यासक्रमात नाही म्हणून मुलांना वंचित ठेवणाऱ्यांतले काका नव्हेत. परीक्षेत जो न शिकवलेला उतारा असतो, त्यावर मंडळाचा काही ताबा नसतो हे त्यांनी हेरलं होतं. सहामाही असो, वार्षिक असो, उतारा कवीचाच. "कवीची पहिली पत्नी त्याला का सोडून गेली? एका वाक्यात उत्तर लिहा." वसईत आज जे रिक्षा चालवतात, दुकानं चालवतात, नगरसेवक होऊन शहर चालवतात, त्यांतल्या कितीतरी जणांनी चौदाव्या वर्षी "कारण तो रात्री टाइपरायटर वाजवत असे" असं उत्तर लिहून गुण मिळवले आहेत. मला एकदा पापडीच्या नाक्यावर एका रिक्षावाल्याने भुईगाव ऐकताच विचारलं, "मास्तर बरे आहेत ना? आणि त्यांची ती दुसरी बायको आली का परत?" शेजारी माझ्या कचेरीतले साहेब बसले होते. मी घाईघाईने खुलासा केला, पण साहेबांचा माझ्या सासरविषयीचा ग्रह काही बदलला नाही.

कुंपणापलीकडे मिंगेलकाका राहतात. त्यांचीही वाडी, त्यांचीही केळी, आणि ओटीवर त्यांची स्वतःची ठरलेली खुर्ची. तिसऱ्या लग्नाच्या वेळी, म्हणजे गोष्टीतल्या, त्यांनी चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली होती. "आमच्यातलाच ना तो," ते म्हणाले. काका म्हणाले, "तो चर्चमध्ये जात नाही मिंगेल, स्पष्ट लिहिलंय." "म्हणून तर हे असं होतंय," मिंगेलकाका म्हणाले. काकांनी तीन कोंबड्या पाळल्या होत्या आणि त्यांची नावं पहिली, दुसरी, तिसरी अशीच होती. त्यातली दुसरी सारखी कुंपणातून मिंगेलकाकांकडे पळायची आणि अंडी तिकडे घालायची. मिंगेलकाका ती इमानाने परत आणून देत आणि म्हणत, "मास्तर, हिचा स्वभावच तो."

आता मुख्य घोटाळ्याकडे येतो. कवीचं वय झालं. तीन बायका गेल्या, दारू सुटली, तो परत बापाच्या शेतावर येऊन एकटा राहू लागला. त्याची एकुलती एक मुलगी दूरच्या गावी शाळेत शिकवत होती आणि बापाशी बोलत नव्हती, कारण तिच्या लग्नात तो पिऊन आला होता आणि सगळ्यांसमोर लांबलचक भाषण करून बसला होता. एका सकाळी, बर्फ पडत असताना, तो गाडीच्या मागच्या सीटवर बटाट्यांची गोणी टाकतो आणि मुलीला भेटायला निघतो. अर्ध्या वाटेत पेट्रोल पंपावर थांबतो. काळी कॉफी पितो. गाडीची काच पुसतो, आणि. इथे पान संपलं. काकांनी शिस्तीने पुस्तक मिटलं, संध्याकाळी ओटीवर "आणि" म्हणून थांबले, मंडळी हळहळत घरी गेली. दुसऱ्या दिवशी मोटार चालू करून दगडावर बसून पुस्तक उघडलं, तर पुढचं पान नाही. त्याच्या पुढचंही नाही. पुस्तक तिथेच संपलेलं.

काकू तेव्हा नव्यानेच लग्न होऊन आलेल्या होत्या. बंदरावरून मासे घेऊन येणारी जनाबाय, तीही तेव्हा तरुण, आदल्या दुपारी सुके बोंबील बांधायला कागद मागत होती. घरात रद्दी नव्हती. काकूंनी जाड पुस्तकाची शेवटची पानं पाहिली, त्यांवर नुसती नावं आणि आकडे. "मला वाटलं, ही काय वाचायची पानं नव्हेत," काकू अजून सांगतात. ती सूची होती. पण पुस्तकाची शिवण सैल झालेली, त्यामुळे सूची ओढली तिच्याबरोबर शेवटचं प्रकरणही आलं, आणि बोंबलांच्या पुड्या होऊन कुणाकुणाच्या घरी गेलं. काका रागावले नाहीत. दुपारभर जनाबायच्या गिऱ्हाइकांची घरं हिंडले. सापडलं ते एवढंच की एका घरात चुलीपाशी अर्धा कागद होता आणि त्यावर तेलाचा डाग होता.

त्या दिवसापासून गावात तो प्रश्न सुरू झाला. जनाबाय टोपली उतरवायच्या आधी विचारायची, "मास्तर, त्यो पोचला का नाय लेकीकडं?" मिंगेलकाका विचारायचे, पोस्टमन विचारायचा. काका चरित्र पुन्हा पहिल्या पानापासून वाचत राहिले, दादरचे फुटपाथ धुंडाळत राहिले आणि "अजून नाही" सांगत राहिले. पुढे पुढे तो गावाचा वाक्प्रचारच झाला. एसटी वेळेवर आली नाही, की अमेरिकावाल्यासारखी पेट्रोल पंपावर थांबली असेल. कोणाचा जावई दिवाळसणाला यायला कचरतो, तर त्याची काच पुसून व्हायचीय.

काकांची मुलगी शैला या अर्धवट गोष्टीवरच वाढली. इतर मुलांना राजाराणी असतात, तिला तो कवी, त्याच्या बायका आणि बटाट्यांची गोणी. इंग्रजी घेऊन ती एम.ए.ला गेली ती, माझी बायको सांगते, त्या शेवटासाठीच. बाबांना शेवट आणून द्यायचा. आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात तिला ते पुस्तक सबंध मिळालं. त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा ओटी भरलेली होती. काकांनी विचारलं, "मिळालं? पोचला का?" शैलाने पिशवी खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा, मी शेवट वाचला. तुमचा कवी दुय्यम आहे. माणूस म्हणूनही आणि कवी म्हणूनही."

काका उठले, चपला घातल्या आणि वाडीत गेले. अंधार पडेपर्यंत आले नाहीत. आणि त्यानंतर त्यांनी मुलीशी बोलणं सोडलं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. एकाच घरात, समोरासमोर बसून ते काकूंना सांगत, "तिला म्हणावं, चहा गार होतोय." ती काकूंना सांगे, "त्यांना म्हणावं, मी गारच पिते." तिला कॉलेजात नोकरी लागली, तेव्हा काकांनी अख्ख्या गावाला पेढे वाटले आणि तिचा पेढा काकूंच्या हाती दिला. तिच्या लग्नात कन्यादानाचे सगळे मंत्र म्हटले, पाठवणीच्या वेळी हमसून हमसून रडले, पण तिला उद्देशून शब्द निघाला नाही. लग्न होऊन ती नायगावच्या पुढे जूचंद्रला नव्या इमारतीत राहायला गेली. मधे एक उड्डाणपूल आणि थोडा महामार्ग, एवढंच अंतर. काका एकदाही गेले नाहीत. मी एकदा खिशातून मोबाईल काढून म्हणालो, "काका, त्या कवीचं पुढे काय झालं ते यात आत्ता दिसेल." ते म्हणाले, "ठेवा तो आत." एवढ्या हळू आवाजात ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते. मी ठेवला. त्या दिवशी मला कळलं की यांना शेवट हवाही आहे आणि तो फक्त एकाच माणसाच्या तोंडून हवा आहे, आणि त्या माणसाशी तर हे बोलत नाहीत. इतका हट्टी मनुष्य मी पाहिला नाही, आणि त्याची मला त्या क्षणी इतकी कीव आली की मी नको असलेला आणखी एक कप चहा मागितला.

हे असंच चाललं असतं. पण गेल्या वर्षी जनाबायच्या पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, तारीख पडली, आणि आदल्या दिवशी सकाळी ती ओटीवर येऊन बसली. आज टोपली नव्हती.

"मास्तर, मी नाय जानार दवाखान्यात," ती म्हणाली.

"का? घाबरलीस?"

"मना भूल देनार. उठले नाय त? त्यो पोचला का नाय ते कलल्याबिगर मी नाय झोपनार. पानं माझ्याच टोपलीतून गेली. पाप माझ्या डोक्यावर हाय."

काका म्हणाले, "अगं, मलाच माहीत नाही तर सांगू काय?"

"तुमच्या पोरीनं वाचलंय. जा, इचारून या. मी बसलेय."

मी पुन्हा मोबाईलचा विषय काढला. जनाबायने माझ्याकडे असं पाहिलं की मी तो आपण होऊन आत ठेवला. "मोबाईलातलं कोन लिवतं कोनाला ठावं. मना शैलाच्या तोंडचं पायजे." आतून काकू बाहेर आल्या. त्यांच्या हातात काकांचा इस्त्रीचा सदरा होता आणि राजेळी केळ्यांची फणी वर्तमानपत्रात आधीच बांधून तयार होती. या दोघींचं हे कधी शिजलं होतं, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

काका माझ्या स्कूटरवर मागे बसले, मांडीवर केळी. वसई गावातून निघेपर्यंत हवा सांगत होते. "वारा पडलाय. ढग जड आहेत." पापडी ओलांडली आणि ते गप्प झाले. उड्डाणपूल चढायला लागलो तशी त्यांनी माझा खांदा धरला. पुलाच्या बरोब्बर मध्यावर म्हणाले, "जावईबापू, वळवा. मोटार चालू राहिलीय वाडीत."

"बंद केलीत. मी पाहिलं."

"मग पुस्तकाचं कपाट उघडं राहिलंय. वळवा म्हणतो ना."

पण वळवणार कसं? आमच्या मागे रेतीचा डंपर होता, त्याच्या मागे दुसरा, आणि पहिल्याचा ड्रायव्हर माझ्या कानात भोंगा वाजवत होता. पुढे जाण्यावाचून इलाजच नव्हता. पूल उतरलो तोवर काकांचा हात खांद्यावरून सुटला होता. नंतर त्यांनी वळवा म्हटलं नाही. जूचंद्रच्या चौकात रस्ता विचारायला थांबलो, तेव्हा त्यांनीच पानवाल्याला इमारतीचं नाव सांगितलं, मजल्यासकट. एकदाही न गेलेल्या माणसाला हे पाठ होतं.

दार शैलाने उघडलं. हातात पेपर तपासायचं लाल पेन. बापलेक उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभे राहिले. मी मागे जिन्यात, हेल्मेट घेऊन. मला वाटलं, आता काका माझ्याकडे वळून म्हणणार, तिला विचारा म्हणून. ते वळले नाहीत. केळी पुढे केली आणि सरळ तिला म्हणाले, "शैला, पोचला का?"

तिने केळी घेतली. डोळे भरले होते, पण आवाज तिने मास्तरणीचाच ठेवला. "आत या आधी, बाबा."

आत गेलो, बसलो. तिने पाणी दिलं आणि समोर बसून सांगितलं. "नाही पोचला. काच पुसली आणि गाडी वळवली. घरी गेला, बटाटे उतरवून ठेवले. आणि त्या वाटेवर एक कविता केली. तीच त्याची सर्वांत गाजलेली. बक्षीस मिळालं तिला."

"आणि मुलगी?"

"पुन्हा भेट झाली नाही. तिने ती कविता छापून आलेली वाचली." तिने पेनाचं टोपण लावलं. "मी तुमच्यासाठी शेवट शोधत गेले होते बाबा. आणि तो हा निघाला. माणूस मुलीच्या दारात जायचं सोडून तिच्यावर कविता करतो, आणि तुम्ही त्याच्यासाठी कडू कॉफी पिता. मला इतका राग आला त्याचा."

काकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "त्याच्या मागे डंपर नव्हता," ते म्हणाले.

शैलाला काही कळलं नाही. मला इतकं कळलं की मी हातातलं हेल्मेट उगाच सदऱ्याने पुसायला लागलो.

"तू म्हणालीस ते बरोबर होतं," काका मुलीला म्हणाले. "दुय्यमच."

"अहो, तसं नाही हो बाबा," शैला एकदम म्हणाली. "काही कविता चांगल्या आहेत त्याच्या. ती गोठ्याची. विहिरीची तर फारच."

"दुय्यम," काका म्हणाले. "एकदा म्हटलं ना." आणि साखर घातलेली कॉफी मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दवाखान्यात गेलो. जनाबायला हिरवा अंगरखा घातला होता आणि ती खाटेवर ताठ बसून होती. काकांनी तिला सगळं सांगितलं, कवितेसकट, बक्षिसासकट. तिने नीट ऐकून घेतलं. "म्हंजे परत फिरला," ती म्हणाली. "बरं झालं मग, ती पानं बोंबलाला गेली ती." आणि शांतपणे आडवी झाली. तिचे खडे निघाले, ती बरी झाली, पंधरवड्यात टोपली घेऊन हजर. मिंगेलकाकांनी मात्र फार मनाला लावून घेतलं. आपण चर्चमध्ये लावलेली मेणबत्ती अशा माणसासाठी होती हे त्यांना पचत नव्हतं. शेवटी त्यांनी आणखी एक लावली, या खेपेला त्याच्या मुलीसाठी.

आता दर रविवारी काका जूचंद्रला जातात. मी न्यायला तयार असतो, पण त्यांना बस आवडते. तिथे बापलेकीचा दुपारभर वाद चालतो, आणि गंमत म्हणजे आता बाजू उलटल्या आहेत. शैला त्या कवीची वकिली करते, नवे नवे लेख काढून दाखवते, आणि काका एकच शब्द धरून बसलेले असतात. मुलीने दिलेला शब्द ते मुलीलाही परत घेऊ देत नाहीत. सकाळी मोटार चालू केली की अजूनही दगडावर बसतात, पण हातात चरित्र नसतं, ते बारीक कवितांचं पुस्तक असतं. दुय्यम कवीच्या कविता इतक्या वेळा का वाचायच्या असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "एक माणूस अर्ध्यावरून परत गेला म्हणून विहीर थोडीच खोटी होते?"

सगळं चांगलं झालं. मी मनापासून खूश आहे. तरी खरं सांगायचं तर रविवारी संध्याकाळी भुईगावला गेलो की चुकल्याचुकल्यासारखं होतं. ओटीवर काकांची खुर्ची रिकामी, मिंगेलकाका सवयीने येऊन बसतात आणि बोलायला काही नसतं. गोष्ट संपली. कोणी कोणाला काही विचारत नाही. एसटी उशिरा आली तर नुसतीच उशिरा येते. मला त्या पेट्रोल पंपाची, त्या पुसायच्या काचेची, तो पोचेल असं सगळ्यांना वाटत होतं त्या इतक्या वर्षांची आठवण येते. तो पोचणार नव्हता, हे आम्हांला ठाऊक नव्हतं, आणि ते दिवस वाईट नव्हते.

परवाच्या रविवारी मी तसाच पायरीवर बसलो होतो. जनाबाय रिकामी टोपली घेऊन घरी चालली होती. ती फाटकाशी थांबली.

"मास्तर नाय?"

"लेकीकडे गेलेत."

तिने आभाळाकडे पाहिलं. पलीकडे समुद्रावर ढग दाटले होते. "पोचले असतील ना पावसाआधी?"

"पोचले," मी म्हणालो. "मघाशीच फोन आला होता."

तिने मान हलवली, टोपली डोक्यावर सारखी केली आणि ती बंदराच्या रस्त्याला लागली.